खलाशी ते सारंग : आकाशी आरमाराची खालची फळी

मंडळी, माझ्या कथेतल्या आकाशी आरमारात अधिकाऱ्यांचे हुद्दे केव्हाच बसवून झाले होते. कथेत सगळा वेळ तेच बोलत असतात, त्यामुळे ते आपोआप बसतात. जहाज मात्र चालवतात बाकीचे चारशेजण, आणि त्यांच्या रकान्यात माझ्याकडे नुसतं 'शिपाई' लिहिलेलं होतं. या पावसाळ्यात ते काम हातात घेतलं.

सध्याची उतरंड अशी : उमेदवार, खलाशी, अव्वल खलाशी, तांडेल (खलाशांच्या टोळीचा नाईक), सारंग (सगळ्या खलाशांचा मुकादम), थोरला सारंग. नावं जुन्या गलबतांवरची आहेत. परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर आपल्याकडचे लस्कर, म्हणजे खलाशी, असत, तेव्हा गोरा अधिकारी हुकूम सोडायचा तो सारंगामार्फत. माणसं गोळा करून आणायची तीही बहुधा सारंगानेच. म्हणजे सारंग रुसला तर कप्तानाची पंचाईत. मला नेमका हाच ताण हवा होता : अकादमीतून कोरा करकरीत बाहेर पडलेला सबलेफ्टनंट हुद्द्याने वर, पण हवाशुद्धीचा पंप कुठल्या आवाजाला बंद करायचा हे ठाऊक फक्त सारंगाला. गोव्यात मालीमच्या जेटीवर आजही पाहा, ट्रॉलरचा मालक किनाऱ्यावर राहतो, पाण्यात गेल्यावर शब्द तांडेलाचा. (१ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, तेव्हा या लोकांना गप्पा मारायला जरा सवड असते. मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.)

हुद्दा आणि कसब मात्र वेगवेगळं ठेवलंय. अमेरिकी नौदलात ई-१ ते ई-९ ही वेतनश्रेणी एकीकडे आणि माणूस विजेचा की रडारचा हे दुसरीकडे. वरच्या दोन श्रेण्या तर १९५८ मध्ये जोडल्या, कारण अनुभवी चीफना (खलाशांतल्या सगळ्यात वरच्या हुद्देदारांना) पुढे चढायला जागाच उरली नव्हती. आपल्या नौदलात ब्रिटिश वळणाने हुद्द्याची खूण डाव्या बाहीवर आणि शाखेची उजव्या. मी तेच उचललं. नमुन्याच्या खुणा करायला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून गडद निळं फेल्ट आणलं, पिवळ्या रेशमाने डावीकडे तांडेलाचा नांगर टाचला, उजवीकडे हवाशाखेचा पंखा. पंख्याचं चौथं पातं जरा वाकडं झालंय, पण हातभर अंतरावरून कळत नाही.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सद्वर्तनाचे पट्टे. ब्रिटिश नौदलात चार, आठ आणि बारा वर्षांच्या निर्मळ नोकरीला एकेक पट्टा मिळायचा, बढतीशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे तीन पट्टे असलेला, केस पिकलेला साधा खलाशी प्रत्येक जहाजावर सापडायचा. हा माणूस मी जसाच्या तसा घेतलाय. परीक्षेला कधी बसला नाही, बसणारही नाही, आणि अव्वल खलाशी त्याला विचारल्याशिवाय झडप उघडत नाहीत.

खरी डोकेदुखी भरतीच्या मुदतीची. २०२२ च्या अग्निपथात चार वर्षांची भरती आणि त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम, असा हिशोब आहे. तो कथेतल्या मोहिमेला लावला तर सहा वर्षांच्या प्रवासात चौथ्या वर्षी मुदत संपते आणि माणूस उतरणार कुठे? शेवटी करार वर्षांवर न ठेवता फेरीवर ठेवला : बंदर ते बंदर. वाटेत फेरी लांबली तर जादा वर्षांचा पगार दीडपट. कथेतल्या सरकारला हे परवडेल का, ते अर्थखातं बघेल.

बढतीचा नियम अजून कच्चा आहे. बढती ठरवणाऱ्या मंडळाची बैठक बंदरातच होते, म्हणून मधल्या काळात कप्तान फक्त 'हंगामी' हुद्दा देऊ शकतो, आणि परतल्यावर मंडळ तो काढूनही घेऊ शकतं. सध्या इंजिनखात्यातला एक तांडेल हंगामी सारंग झालाय, आणि भांडारातला त्याच्याहून जुना तांडेल त्याचं ऐकायला तयार नाही. तो प्रसंग लिहून झाला की इथे टाकतो.