बाबांचा कट्टा आणि दीड लिटर पाणी

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, त्याची पंप करायची ताकद कमी होणं. हे आज बाबाच शेजारच्या काकांना समजावत होते.

रोज सकाळी लघवीला जाऊन आलं की चहाआधी वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ती चरबी नाही, अंगात साठलेलं पाणी. लगेच डॉक्टरांना फोन. पायाला सूज आहे का हे कळायला नडगीवर अंगठा दाबून खळगा पडतो का, तेही बघायचं. मी आठवण करून दिली की बाबा चिडतात. कट्ट्यावरच्या मंडळींनी "काय हो, आज किती भरलं?" विचारलं की मात्र ऐटीत आकडा सांगतात!

लोणचं-पापड सुटलं. पण डॉक्टरांनी दिवसभरासाठी ठरवून दिलेल्या दीड लिटर पाण्यात ताक, चहा, आमटीही मोजायची, यावर रोज वाद. 'लो सोडियम' मीठही परस्पर आणू नका बरं का, त्यात बहुतेकदा पोटॅशियम असतं. काही गोळ्यांबरोबर ते महागात पडतं.

संध्याकाळी काका बसले होते म्हणून मला तासभर बाहेर पडता आलं. भाजी घेतली, मैत्रिणीशी गप्पा झाल्या. आणि हो, कांदाभजी तिकडेच खाऊन आले. घरी सांगू नका!