गाळणी तुंबली की गाळाआधी दाब बघा

जहाज मध्यम आकाराचं बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल नेणारं. ताशी 800 घनमीटरचे, 25 मीटर हेडचे (पंप पाणी चढवतो ती उंची, म्हणजेच दाब) दोन बॅलास्ट पंप आणि टाक्यांमध्ये एकूण साधारण 16,000 घनमीटर बॅलास्ट, म्हणजे रिकामं जहाज स्थिर ठेवायला घेतलेलं पाणी. यावर बॅलास्ट वॉटर ट्रीटमेंट सिस्टिम (या पाण्यातले जीव दुसऱ्या बंदरात पोचू नयेत म्हणून ते मारणारी यंत्रणा) बसवायची होती. आंतरराष्ट्रीय बॅलास्ट वॉटर करार 8 सप्टेंबर 2017 पासून लागू आहे आणि 8 सप्टेंबर 2024 नंतर डी-2 मानकातून (सोडलेल्या पाण्यात किती जिवंत जीव चालतील याची मर्यादा) तो लागू असलेलं कुठलंच जुनं जहाज सुटलं नाही. त्यामुळे बसवायची की नाही हा प्रश्नच नव्हता, कुठली बसवायची एवढंच ठरवायचं होतं.

जहाजाचा व्यापार बराचसा नदीच्या मुखांवरच्या बंदरांतून चालायचा. पर्याय दोन: इलेक्ट्रोक्लोरिनेशन (विजेने पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणं) किंवा यूव्ही (अतिनील किरणांचे दिवे). इलेक्ट्रोक्लोरिनेशनला खारं पाणी लागतं. गोड्या पाण्यात सेलला पुरेसं मीठच मिळत नाही, म्हणून आफ्टपीक (जहाजाच्या मागच्या टोकाच्या) टाकीत समुद्राचं पाणी साठवून तिथून सेलला द्यावं लागतं, आणि पाणी थंड असेल तर हीटरही लागतो. शिवाय हायड्रोजनचा व्हेंट, आणि पाणी सोडताना उरलेलं क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट किंवा बायसल्फाइटचा डोस. यूव्हीला ही भानगड नाही, पण गढूळ पाण्यात किरण लांब पोचत नाहीत, दिव्यांना पूर्ण ताकद लावावी लागते आणि जनरेटरवर भार येतो. क्रेन चालू असताना किती जनरेटर लाइनवर असतात, हे लोड बॅलन्समध्ये पाहून आम्ही यूव्ही घेतली, प्रत्येक पंपाला ताशी 1,050 घनमीटरची वेगळी. पंपाच्या पाटीवर 800 लिहिलेलं असलं तरी रिकाम्या डबल बॉटम (जहाजाच्या तळातल्या) टाकीत तोच पंप 1,000 च्या वर जातो. पाटीवरचा आकडा धरून सिस्टिम घेणाऱ्यांना हे कमिशनिंगला (बसवल्यानंतर चालवून तपासताना) कळतं.

यूव्हीत पाणी भरताना आणि सोडतानाही दिव्यांतून जावं लागतं (भरताना आधी फिल्टर लागतो, सोडताना तो बायपास होतो). म्हणून टॉपसाइड (डेकखालच्या, वरच्या) टाक्यांचे थेट ओव्हरबोर्ड (जहाजाबाहेर सोडणारे) व्हॉल्व्ह कुलूपबंद करून ते पाणी मेन लाइनमधून फिरवावं लागलं. डीबॅलास्टिंग लांबतं, आणि लोडिंगचं वेळापत्रक आखणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. आफ्टपीकही विसरू नये. तिची लाइन बहुधा जनरल सर्व्हिस पंपावरून असते आणि मुख्य सिस्टिमपर्यंत येतच नाही.

बसवण्याचं काम सरळ झालं. इंजिन रूमचं लेझर स्कॅनिंग, त्यावरून तयार केलेले पाइप स्पूल (पाइपचे तुकडे), प्रत्येक फांदीला एक फ्लँज (जोडायची कडी) सुटा ठेवून जागेवर वेल्डिंग. खरी गंमत कमिशनिंगला झाली.

पंप सुरू करून थोडाच वेळ झाला आणि फिल्टरचा डिफरन्शियल प्रेशर (फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक) अलार्म वाजला. साफ जाळीवर 0.2 बार असतो तो 0.7 वर गेला. बॅकफ्लश (उलट्या प्रवाहाने जाळी धुणं) एकामागून एक चालू होते, तरी आकडा खाली येईना. पाणी चहाच्या रंगाचं. "साहेब, असल्या पाण्यात कुठलाही फिल्टर तुंबणारच," चीफ इंजिनियर म्हणाले. कंपनीच्या सर्व्हिस इंजिनियरचंही तेच म्हणणं, त्यांना जाडी जाळी मागवायची होती. टाइप अप्रूव्हल (सिस्टिमला मिळालेली अधिकृत मान्यता) एका ठरावीक जाळीसकट मिळालेलं असतं, ती परस्पर बदलता येत नाही. तो विषय तिथेच संपवला आणि फिल्टर उघडला.

जाळीच्या आत सक्शन नोझल फिरतात आणि स्क्रूसारखे पुढे सरकतात. नोझल जिथून गेला तिथे चिखल ओढला जाऊन स्वच्छ पट्टा दिसायला हवा. इथे पट्टे उमटले होते, पण चिखल नुसता घासून दाबल्यासारखा जागच्या जागीच होता. मोटर, गिअर, लिमिट स्विच सगळं ठीक, नोझल फिरतही होते. ओढ नव्हती.

मग दोन गेज शेजारी शेजारी वाचले. फिल्टरच्या आउटलेटला 1.5 बार, बॅकफ्लश लाइनमध्ये जवळपास 1 बार. फरक अर्धा बार, आणि मॅन्युअलला किमान दीड हवा होता. बॅकफ्लश लाइनमध्ये 1 बार आला कुठून? जहाज माल उतरवायला लागलं होतं, ड्राफ्ट (जहाज पाण्यात बुडालेली खोली) 11.5 मीटर. बॅकफ्लशचं ओव्हरबोर्ड तोंड पाण्याखाली आणि गेज कीलपासून (जहाजाच्या तळापासून) 2 मीटरवर, म्हणजे 9.5 मीटर पाण्याचा दाब उलटा येत होता. दुसरीकडे टाकी रिकामी, पुढे अडवणारं काही नाही, त्यामुळे पंप आपल्या कर्व्हच्या (प्रवाह वाढला की हेड घटतं हे दाखवणाऱ्या रेषेच्या) टोकाला धावत होता. फ्लो 1,020, हेड पार खाली.

यूव्हीनंतरचा कंट्रोल व्हॉल्व्ह याचसाठी असतो. त्याची प्रवाहाची मर्यादा 1,050 ठेवलेली होती, पण दाबाचा सेटपॉइंट (व्हॉल्व्हने राखायचा आकडा) कारखान्यातून आला तसा 1.2 बार. तो 2.6 केला तसा व्हॉल्व्ह मिटत गेला, फ्लो 780 वर आला आणि पुढच्या काही बॅकफ्लशनंतर डिफरन्शियल 0.25 वर स्थिरावला. पाणी तेच, जाळी तीच.

पण 2.6 कायमचं ठेवणंही चूकच. माल उतरत जातो तसा ड्राफ्ट कमी होतो. 6.5 मीटरवर सी चेस्टकडून (समुद्राचं पाणी आत घ्यायच्या कप्प्याकडून) मिळणारा दाब अर्धा बार कमी होतो आणि बॅकफ्लशचा उलटा दाबही तेवढाच उतरतो. तेव्हा 2.6 धरून बसलं तर पंप विनाकारण आवळला जातो. म्हणून बॅकफ्लश लाइनवर दाबाचा दुसरा ट्रान्समीटर बसवून आउटलेट आणि बॅकफ्लश या दोन दाबांतल्या फरकावर सेटपॉइंट दिला, 1.6 बार. ज्या जहाजांत पंपाचं हेड मुळातच कमी आहे तिथे एवढ्यावर भागत नाही, बॅकफ्लश पंप लावावाच लागतो. आणि समुद्राच्या दाबावर टाकी आपोआप भरायची सवय या सिस्टिमनंतर सोडावी लागते, कारण त्या दाबात फिल्टर स्वतःला साफ करू शकत नाही.

नमुने घेण्याआधी बायपास व्हॉल्व्ह (सिस्टिम टाळून पाणी थेट नेणाऱ्या वाटेवरचा) तपासला. पॅनेलवर 'बंद' दिसत होता, पण दोन व्हॉल्व्हमधला ड्रेन कॉक उघडल्यावर पाण्याची धार थांबेना. सीटवर चिखल अडकला होता. एवढ्या गळतीतूनही कच्चं पाणी टाकीत जातं. 50 मायक्रॉन आणि त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरमागे 10 हून कमी असायला हवेत, तिथे थोडं कच्चं पाणीही चाचणी नापास करायला पुरतं. व्हॉल्व्ह चार-पाच वेळा उघड-बंद करून धुतला, ड्रेन कोरडा झाला, मगच टाकी भरली. सोडताना घेतलेल्या नमुन्यांत दोन्ही आकारांचे (50 मायक्रॉन व त्यावरचे, आणि 10 ते 50 मधले) जीव मर्यादेखाली आले.

त्या बंदरासाठी बॅलास्ट वॉटर मॅनेजमेंट प्लॅनमध्ये दोन ओळी घातल्या: समुद्राच्या भरतीच्या सुरुवातीला शक्यतो पाणी घेऊ नये, आणि डिफरन्शियल 0.5 च्या वर गेला तर बायपासआधी प्रवाह 600 पर्यंत उतरवून बघावा. तरीही बायपास करावाच लागला तर गढूळ पाण्याच्या बंदरांसाठीच्या 2024 च्या अंतरिम मार्गदर्शनानुसार बंदराला कळवणं, रेकॉर्ड बुकात नोंद, आणि खोल समुद्रात टाकी धुऊन, पाणी बदलून ते सिस्टिममधून पुन्हा घेणं, हे सगळं ओघाने आलंच.