तृतीय वर्षाच्या वर्गात गाथासप्तशती

बुधवार, रात्र

आज तृतीय वर्षाला गाथासप्तशती घेतली. महाराष्ट्री प्राकृतातल्या, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेतल्या, सुमारे सातशे गाथा (छोट्या सुट्या कविता), सातवाहन राजा हालाच्या नावावरचं संकलन. एवढं सांगून, ‘शृंगारप्रधान’ असं फळ्यावर लिहून पुढच्या कालखंडाकडे वळायची आपल्याकडे रीत आहे. मला ती मुळीच पटत नाही. आपल्याच मुलखातल्या, गोदाकाठच्या बायका ज्यात स्वतःच्या इच्छेबद्दल बोलतात, ते न वाचता मुलांनी मराठीची पदवी घ्यायची?

म्हणून ती वाटसरूची गाथा घेतली. मुक्कामाला आलेल्या वाटसरूला घरातली सून सांगते: सासू इथे झोपते, मी इथे. दिवसाउजेडी नीट बघून ठेव. रातांधळ्या, रात्री माझ्या अंथरुणावर येऊन पडू नकोस.

आधी सगळे गप्प. मग मागच्या बाकांवर खसखस पिकली, म्हणजे पोहोचलं! नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथात हीच गाथा उदाहरणादाखल घेतली आहे: वरून मनाई, आतून आमंत्रण.

पण तास खरा रंगला तो पुढे. एका मुलाने विचारलं, “मॅडम, म्हणजे बाई नको म्हणाली तरी हो समजायचं?” टिंगल नव्हती त्यात. सिनेमा बघून, मित्रांचं ऐकून त्याची तशीच समजूत झालेली असणार. मी तोंड उघडायच्या आत पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळली. “त्याने कुठे काय मागितलंय? बोलतेय तीच. सासू ऐकतेय म्हणून आडून बोलतेय. जागासुद्धा तिनेच दाखवली ना?” मुलगा विचारात पडला. म्हणाला, “आणि त्याने आधी विचारलं असतं, मग ती हेच म्हणाली असती तर?” “तर ते नकोच,” ती म्हणाली. इतकं बारकाईने वाचलेलं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

मोबाइलवर ही मुलं काय काय बघतात ते मला माहीत आहे. तिथे कोण बोलतंय, इच्छा कुणाची, भीती कुणाची, हे त्यांना कुणी विचारत नाही. कवितेत विचारल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. मात्र एक पथ्य मी कसोशीने पाळते: बोलायचं ते गाथेतल्या माणसांबद्दल, वर्गातल्या कुणाच्या आयुष्याबद्दल नाही. दोघी-तिघी मान खाली घालून बसल्या होत्या, त्यांना वाचायला उठवलं नाही.

स्टाफरूममध्ये विचारणा झालीच, “पालक आले म्हणजे?” येऊ देत. त्यांनाही गाथा वाचून दाखवीन.

तास संपल्यावर त्याच मुलाने विचारलं, असं उघड बोलणं मग बंद कधी झालं? त्याला र. धों. कर्व्यांबद्दल सांगितलं. ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली कोर्टात त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी दंड झालाच. बाबासाहेबांचं नाव ऐकून दाराशी पोचलेली चार-पाच मुलं परत फिरली. शुक्रवारच्या तासाला हा खटलाच घेते.