स्कीइंगची सहल: आधी आठवडा, मग डोंगर

स्कीइंगला जायचे ठरले की बहुतेक मंडळी पहिल्याच बैठकीत ठिकाणाच्या नावावर येतात. कोणी झरमॅटचे फोटो पाहिलेले असतात, कोणाच्या मित्राने निसेकोची स्तुती केलेली असते, आणि मग त्या नावाभोवती सुट्टी, प्रवास आणि खर्च यांची जुळवाजुळव सुरू होते. अशा अनेक सहलींच्या आखणीत सहभागी झाल्यावर माझे मत पक्के झाले आहे की हा क्रम उलटा हवा. आपल्याला सुट्टी नेमक्या कोणत्या आठवड्यात मिळणार आहे आणि बरोबरच्यांपैकी सर्वांत नवख्या माणसाला स्कीइंग कितपत येते, या दोन गोष्टी आधी स्पष्ट झाल्या तर जगातल्या बहुतेक ठिकाणांवर आपोआप काट बसते आणि उरलेल्या चारपाच नावांतून निवड करणे सोपे जाते.

उत्तर गोलार्धातला हंगाम ढोबळमानाने डिसेंबर ते एप्रिल असा सांगितला जातो, पण त्यातला प्रत्येक महिना वेगळ्या स्वभावाचा आहे. डिसेंबरच्या पूर्वार्धात उतारांवर गर्दी नसते आणि राहण्याचे दरही त्यामानाने कमी असतात, मात्र तळाचा बर्फाचा थर अजून तयार व्हायचा असतो. नुकताच पडलेला बर्फ फोटोत कितीही भरघोस दिसला तरी त्याच्याखाली दबून घट्ट झालेला थर नसेल, तर दगड आणि झुडपांची खोडे स्कीच्या तळाला लागतात आणि अर्धेअधिक उतार बंदच ठेवावे लागतात. म्हणून या काळात जायचे असेल तर हिमनदीवर उतार असलेली उंच ठिकाणे निवडावीत. ऑस्ट्रियातल्या हिंटरटुक्सला आणि स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटला हिमनदीवर वर्षभर स्कीइंग चालते. झरमॅटहून वर जाणाऱ्या रोपवेचे शेवटचे स्थानक ३,८८३ मीटरवर आहे.

नाताळ ते नववर्षाचा पहिला आठवडा हा काळ, दुसरा पर्याय असेल तर, मी नेहमी टाळायला सांगते. दर सर्वांत चढे, लिफ्टसमोरच्या रांगा सर्वांत लांब आणि बर्फाची खात्री मात्र त्या प्रमाणात नाही, अशी तिहेरी अडचण त्यात आहे. २०२३ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या आडेलबोडेन येथे विश्वचषकाची शर्यत झाली, तेव्हा दोन्ही बाजूंना हिरवे-तपकिरी डोंगर उघडे पडले होते आणि मधोमध कृत्रिम बर्फाचा तेवढा एक पांढरा पट्टा होता. कृत्रिम बर्फ हवा तेव्हा तयार करता येतो हा समजही बरोबर नाही. हवेतला दमटपणा हिशेबात धरून तापमान शून्याखाली साधारण दोन अंश किंवा त्याहून कमी असावे लागते. उबदार आणि दमट हवेत बर्फ पाडणारी यंत्रे कितीही असली तरी ती उभीच राहतात.

सुट्ट्या संपल्यानंतरचा जानेवारी मला मनापासून आवडतो. शाळा सुरू झालेल्या असतात, उतार मोकळे असतात, आणि थंडीमुळे पडलेला बर्फ दिवसेंदिवस कोरडा व भुरभुरीत राहतो. त्याची किंमत मोजावी लागते ती थंडीत आणि अंधारात: दिवस लहान असतो, दुपारनंतर उतार सावलीत जातात, आणि उघड्या चेअरलिफ्टवर वाऱ्यात दहा मिनिटे बसणे लहान मुलांना खरोखर जड जाते. फिनलंडच्या उत्तरेला लेवीसारख्या ठिकाणी तर डिसेंबरच्या मध्यापासून काही आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही. तिथे दिव्यांच्या उजेडात स्कीइंग चालते आणि ज्यांना ध्रुवप्रदेशातली रात्र अनुभवायची आहे त्यांना ते फार आवडते. पण उन्हातले डोंगर पाहायचे म्हणून निघालेल्या माणसाने तिथे मार्चमध्येच जावे.

फेब्रुवारीत बर्फ उत्तम असतो आणि ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, हीच त्या महिन्याची अडचण. फ्रान्समधल्या शाळांना हिवाळी सुट्टी तीन विभागांत विभागून, एकमेकींवर येणाऱ्या पंधरवड्यांत दिली जाते, त्यामुळे तिथली गर्दी साधारण चार आठवडे टिकते. ब्रिटनच्या शाळांची छोटी सुट्टीही त्याच सुमाराला येते. अमेरिकेत फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारची राष्ट्राध्यक्ष दिनाची सुट्टी जोडून येणारा शनिवार-रविवार हा हंगामातल्या सर्वाधिक गर्दीच्या दिवसांत मोडतो. आरक्षणापूर्वी ज्या देशात जायचे त्याच्याच नव्हे, तर शेजारच्या देशांच्याही शाळांचे वेळापत्रक पाहावे. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि त्याने सहलीत जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या हॉटेलानेही पडत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी मार्च सुचवते, आणि त्यामागे नीट विचार केलेली कारणे आहेत. आल्प्सच्या वरच्या पट्ट्यात बर्फाचा थर साधारणपणे याच सुमारास सर्वांत जाड असतो, दिवस मोठा झालेला असतो आणि पडल्यावर बर्फात बसून राहावे लागले तरी बोटे बधिर होत नाहीत. रात्री गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा कडक असतो, दहा-अकराच्या सुमारास त्याचा वरचा थर मऊ होतो आणि दुपारनंतर तो जड, ओला होऊन पाय ओढू लागतो. हे चक्र ओळखून दिवस आखला, म्हणजे सकाळी पूर्वेकडचे उतार, मग दक्षिणेकडचे आणि शेवटी पश्चिमेकडचे, असे उन्हामागून फिरले तर तीनचार तास अतिशय सुखाचे मिळतात. उत्तर गोलार्धात उत्तराभिमुख उतारांवर ऊन तिरपे पडते, म्हणून तिथला बर्फ सर्वांत उशिरा बिघडतो. वसंतात जायचे असल्यास त्या ठिकाणचे मुख्य उतार कोणत्या दिशेला तोंड करून आहेत हे नकाशावर तपासलेच पाहिजे. मार्चच्या उन्हाला मात्र हलके लेखू नये. ताजा बर्फ अतिनील किरणांचा सुमारे ८० टक्के भाग परत फेकतो, आणि डोळ्यांना त्याची इजा चांगलीच होते. ईस्टर मार्चच्या अखेरीस येतो की एप्रिलच्या उत्तरार्धात, यावरही त्या वर्षीची गर्दी आणि दर अवलंबून असतात.

ज्यांना सुट्टी फक्त जुलै-ऑगस्टमध्ये मिळते, त्यांच्यासाठी दक्षिण गोलार्ध आहे. न्यूझीलंडमध्ये हंगाम साधारण जून ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. तिथे बहुधा क्वीन्सटाउनसारख्या गावात राहून रोज गाडीने डोंगरावर जावे लागते. चिलीतले पोर्तिय्यो २,८८० मीटरवर आहे आणि मुक्काम थेट उतारांपाशीच होतो.

आठवडा ठरला की उंचीचा विचार करावा. हजार मीटर वर गेल्यावर हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, त्यामुळे तळाच्या गावात पाऊस पडत असताना वर उत्तम हिमवृष्टी चालू असू शकते. ऑस्ट्रियातले किट्सब्यूल हे गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम ७६० मीटरवर आहे, तर फ्रान्समधले व्हाल तोराँस २,३०० मीटरवर. जानेवारीच्या मध्यात थंडी चांगली असेल तर किट्सब्यूलचे जुने गाव आणि झाडांमधले उतार मला अधिक प्रिय आहेत. डिसेंबरच्या सुरुवातीला किंवा एप्रिलमध्ये मात्र मी दुसरा विचार न करता व्हाल तोराँस निवडेन. माहितीपत्रकात सर्वांत वरच्या लिफ्टची उंची ठळक छापलेली असते, पण खरा प्रश्न बहुतेक उतार कोणत्या उंचीदरम्यान आहेत आणि खाली गावापर्यंत स्कीवर उतरता येते की संध्याकाळी सगळ्यांना रोपवेने परतावे लागते, हा असतो.

उंची हाच एकमेव निकष धरला तरीही फसायला होते, कारण अक्षांश आणि समुद्र हे दोघेही आपापला वाटा उचलतात. जपानच्या होक्काइदो बेटावर निसेकोचे उतार ज्या आन्नुपुरी डोंगरावर आहेत त्याची उंची फक्त १,३०८ मीटर आहे. तरीसुद्धा सायबेरियाकडून येणारे कोरडे, बर्फगार वारे जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलतात आणि पश्चिमेकडच्या डोंगरांवर ते हलक्या बर्फाच्या रूपाने अक्षरशः ओततात. जानेवारी आणि फेब्रुवारीच्या पूर्वार्धात तिथे इतका सतत बर्फ पडतो की स्वच्छ आकाशाची अपेक्षा न धरलेलीच बरी. याउलट कॅनडातले व्हिसलर पॅसिफिकजवळ आहे, त्याचे गाव सुमारे ६७५ मीटरवर वसले आहे आणि सौम्य समुद्री हवेमुळे भर हंगामातही गावात पाऊस पडतो, मात्र वरच्या भागात त्याच ढगांतून भरपूर बर्फ येतो. उंच आणि थंड ठिकाणांनाही कोरडे आठवडे चुकत नाहीत. २०२५ मध्ये गुलमर्गला फेब्रुवारीअखेर होणाऱ्या हिवाळी क्रीडास्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या.

झाडांचा मुद्दा क्वचितच कोणी विचारात घेते. वृक्षरेषेच्या वर सर्व काही पांढरे असते; ढग खाली आले किंवा हिमवृष्टी सुरू झाली की जमीन कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते हे कळत नाही, आणि नवख्या माणसाला आपण थांबलो आहोत की घसरतो आहोत हेदेखील उमजेनासे होते. झाडांमुळे नजरेला आधार मिळतो आणि वाराही अडतो. म्हणून वादळी हवेच्या महिन्यांत जाताना, निदान काही उतार तरी जंगलातून जाणारे असावेत असा माझा आग्रह असतो.

आता सोबतच्या माणसांविषयी. उतारांची एकूण लांबी ही बहुतेकांना भुरळ घालणारी संख्या आहे. फ्रान्समधल्या त्र्वा व्हाले या जोडक्षेत्रात ती सुमारे ६०० किलोमीटर आहे. पहिल्यांदा स्की पायाला बांधणारा माणूस आठवडाभरात त्यातले फारच थोडे उतार वापरणार असतो. त्याला गरज असते ती रुंद, सौम्य आणि वेगाने जाणाऱ्यांच्या वाटेत न येणाऱ्या जागेची, सरकत्या पट्ट्यासारख्या सोप्या लिफ्टची आणि त्याला समजेल अशा भाषेत शिकवणाऱ्या प्रशिक्षकाची. शिकण्याची जागा गावाजवळ खाली आहे की वर, हेही पाहावे: खाली असेल तर उबदार हवेत तिथलाच बर्फ आधी वितळतो, वर असेल तर नवख्याला रोज रोपवेने जावे-यावे लागते पण बर्फ चांगला मिळतो. रंगांवर विसंबून दोन ठिकाणांची तुलना करू नये. युरोपात निळा, लाल, काळा असा क्रम आहे आणि फ्रान्समध्ये त्याच्याही खाली हिरवा. उत्तर अमेरिकेत हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा हिरा अशा खुणा आहेत. रंगाने कळते ते त्या डोंगरावरच्या इतर उतारांच्या मानाने हा उतार किती अवघड आहे एवढेच, त्यामुळे एका ठिकाणचा निळा दुसऱ्या ठिकाणच्या लालइतका तीव्र निघू शकतो. गटात कोणी स्नोबोर्डवाला असेल तर अमेरिकेतली आल्टा आणि डिअर व्हॅली ही नावे यादीतून काढावीत, कारण तिथे स्नोबोर्डला परवानगीच नाही.

रात्रीच्या मुक्कामाच्या उंचीकडेही लक्ष द्यावे. कोलोरॅडोतले ब्रेकेनरिज हे गावच २,९२६ मीटरवर आहे. सखल प्रदेशातून थेट तिथे पोहोचणाऱ्याला पहिल्या एकदोन रात्री डोकेदुखी, मळमळ आणि झोपमोड होणे अगदी संभवते. वाटेत कमी उंचीवर एक रात्र काढणे आणि पहिला दिवस हळू घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

आखलेल्या उतारांबाहेरच्या बर्फाची ओढ ज्यांना आहे, त्यांनी हवामानाइतकेच हिमस्खलनाचे अहवाल वाचायला शिकावे. युरोपात धोका एक ते पाच अशा पायऱ्यांत सांगतात आणि तिसरी पायरी मधली म्हणून निर्धास्त राहणे घातक आहे, कारण बरेच प्राणघातक अपघात याच पायरीवर होतात. गुलमर्गचा गोंडोला माणसाला थेट ४,००० मीटरच्या जवळ नेतो आणि तिथून खाली जाणारा बराचसा भाग आखलेल्या उताराचा नाही. स्थानिक वाटाड्या, बर्फाखाली गाडले गेलेल्या माणसाची जागा संदेशावरून कळवणारे अंगावरचे शोधयंत्र आणि ते वापरण्याचा सराव यांशिवाय तिथे उतरू नये. विमा काढताना डोंगरावरून सुटका करण्याचा खर्च आणि आखलेल्या उतारांबाहेरचे स्कीइंग त्यात धरले आहे का, हे कलम स्वतः वाचावे.

आरक्षण कधी करावे याचे उत्तरही ठिकाणाच्या उंचीवरच ठरते. उंच ठिकाण आणि शाळांच्या सुट्टीचा आठवडा असेल तर जितके लवकर तितके चांगले, कारण थांबून बर्फाविषयी नवे काही कळणार नसते, खोल्या मात्र संपतात. कमी उंचीचे ठिकाण आणि गर्दी नसलेला आठवडा असेल तर मी विनामूल्य रद्द करता येणारी खोली घेऊन ठेवते आणि निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी वरच्या व खालच्या स्थानकांवरच्या बर्फाची जाडी, उघडे असलेले उतार आणि तापमानाचा अंदाज पाहून जायचे की नाही ते ठरवते. आल्प्समध्ये बरेचसे मुक्काम अजूनही शनिवार ते शनिवार असे दिले जातात आणि त्या दिवशी दरीतल्या रस्त्यांवर तासन्‌तास कोंडी होते, तेव्हा मधल्या वारी सुरू होणारा मुक्काम मिळत असेल तर तो घ्यावा.