गेट, कॉपी आणि फ्री: एक्सपोर्टची नावं ठेवताना

गेल्या आठवड्यात एका एक्सपोर्टच्या, म्हणजे लायब्ररीतून बाहेरच्या प्रोग्रॅमना दिसणाऱ्या फंक्शनच्या, नावावर आम्ही तिघांनी पाऊण तास घालवला आणि मला त्यातलं एक मिनिटही वाया गेलं असं वाटत नाही. आमची लायब्ररी रस्ट या भाषेत आहे, बाहेरच्या बाजूला सी भाषेतला इंटरफेस आहे, आणि त्या इंटरफेसवरून पायथन, स्विफ्ट आणि कॉटलिनवाले तिला वापरतात. ऑडिओ फाइल उघडायची आणि आतली माहिती काढून द्यायची, एवढंच तिचं काम. त्यात एक फंक्शन होतं ‘ट्रॅक_गेट_टायटल’, गाण्याचं नाव स्ट्रिंग (मजकूर) म्हणून परत देणारं. ही स्ट्रिंग आत दरवेळी नवीन बनते, म्हणजे काम झालं की कॉल करणाऱ्याने ती आमच्या फ्री फंक्शनकडे, म्हणजे मेमरी मोकळी करणाऱ्याकडे, परत पाठवायला हवी. हेडरमध्ये, म्हणजे फंक्शनांची यादी असलेल्या सीच्या फाइलमध्ये, कॉमेंट म्हणून हे व्यवस्थित लिहिलेलं होतं. पण पायथनचा रॅपर (सी फंक्शनांवरचं पायथनचं आवरण) ज्याने लिहिला त्याच्यासमोर फक्त नावांची यादी होती, त्याने ‘गेट’ वाचलं आणि नुसतं बघायला दिलंय असं समजून पुढे गेला, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. त्यात पायथनच्या सीटाइप्समध्ये (सी फंक्शनं कॉल करायचं मॉड्यूल) रिटर्न टाइप ‘सी_कॅर_पी’ दिला की ते स्ट्रिंगची बाइट्समध्ये कॉपी करून देतं आणि मूळ पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, हातातूनच जातो, मग नंतर फ्री करावंसं वाटलं तरी करणार कशाला? मोठा फोल्डर स्कॅन करायला लावला की मेमरी चढतच जायची, एरर कुठेच नाही.

रस्टच्या आत हा घोळ होऊच शकत नाही, कारण मालकीची स्ट्रिंग (जिची मेमरी मोकळी करायची जबाबदारी आपली) आणि उसनी स्ट्रिंग (नुसती बघायला मिळालेली) यांचे टाइपच वेगळे आहेत, कंपायलर हात धरतो. सीमध्ये आलं की दोन्ही सारखेच, कॅरेक्टरचा पॉइंटर. तेव्हा डोक्यात पक्कं बसलं की एका भाषेतून दुसरीत जाताना मॉड्यूल मागे राहतं, जेनेरिक्स (अनेक टाइपवर चालणारा कोड) मागे राहतात, लाइफटाइम (उसनी वस्तू किती वेळ वैध) मागे राहतो, आणि टाइप गेला तरी अर्धामुर्धा जातो. पलीकडच्या माणसाच्या हातात नाव तेवढं नक्की पोचतं. म्हणून जे टाइप सांगत होता ते आता नावाने सांगायला हवं, आणि त्यात सगळ्यात आधी मालकी कोणाची ते.

हे ॲपलच्या कोअर फाउंडेशन या सी लायब्ररीत फार छान केलेलं आहे. तिथे नियमच आहे: फंक्शनच्या नावात क्रिएट किंवा कॉपी असेल तर जे परत मिळालं ते तुमचं, रिलीज तुम्हीच करायचं, आणि नावात गेट असेल तर ते तुमचं नाही, टिकवायचं असेल तर आधी रिटेन करा, म्हणजे आपला हक्क नोंदवा. ॲपलच्याच ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत तर एआरसी (मेमरीचा हिशोब कंपायलरनेच ठेवायची सोय) आल्यापासून कंपायलर स्वतः नाव वाचतो. मेथडचं नाव ॲलॉक, न्यू, कॉपी किंवा म्युटेबलकॉपी यापैकी कशाने सुरू झालं आणि त्याच्या लगेच पुढे स्मॉल अक्षर नसेल, तर परत आलेली वस्तू कॉल करणाऱ्याच्या मालकीची धरली जाते. म्हणजे ‘कॉपीराइट’ या शब्दातला आर स्मॉल असेल तर ती साधी मेथड, आणि कोणी तो कॅपिटल लिहिला की ती कॉपीच्या घराण्यात गेली! प्रॉपर्टीचं नाव ‘न्यूटायटल’ ठेवून बघा, टी कॅपिटल ठेवून, कंपायलर तिथेच अडवतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला विचित्र वाटलं होतं, आता वाटतं की माणसं जे नाव वाचून धरून चालतात तेच कंपायलरलाही धरून चालायला लावलं, यात चूक काहीच नाही.

दुसरा मुद्दा प्रिफिक्सचा, म्हणजे नावाच्या पुढे लावायच्या लायब्ररीच्या खुणेचा. हा मी फार महागात शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टमध्ये आमची सी लायब्ररी होती, त्यात ‘बफर_रीसेट’ नावाचं एक फंक्शन, खरं तर फक्त आतल्या आत वापरायचं, पण एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये लागतं म्हणून स्टॅटिक (एकाच फाइलपुरतं) केलेलं नव्हतं, आणि व्हिजिबिलिटीकडे, म्हणजे लायब्ररीबाहेर काय दिसावं याकडे, कोणी बघितलंच नव्हतं, त्यामुळे ते आपोआप एक्सपोर्ट होत होतं. ज्या प्रोग्रॅममध्ये ती लायब्ररी लिंक झाली त्यात अजून एक शेअर्ड लायब्ररी होती आणि तिच्यातही ‘बफर_रीसेट’ होतं, वेगळ्या स्ट्रक्टवर (डेटाच्या मांडणीवर) चालणारं. लिनक्सवर अशा वेळी लिंकर काही बोलत नाही, शोधाच्या क्रमात जी लायब्ररी आधी येते तिचं फंक्शन सगळ्यांना मिळतं. म्हणजे आमचाच कोड आमचंच फंक्शन समजून दुसऱ्याचं फंक्शन कॉल करत होता, आणि ते आमच्या स्ट्रक्टवर त्याच्या हिशोबाने शून्य लिहून मोकळं व्हायचं. क्रॅश व्हायचा तो तिसरीकडेच, कधी दहा मिनिटांनी तर कधी तासाने. आणि माझ्या मॅकवर सगळं सुरळीत, कारण तिथे प्रत्येक सिम्बॉलबरोबर (फंक्शनच्या नावाबरोबर) तो कुठल्या लायब्ररीतून घ्यायचा हेही नोंदलेलं असतं. तीन दिवस मी आमच्याच कोडमध्ये शोधत बसलो होतो. शेवटी लोडरला (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी जोडणाऱ्याला) प्रत्येक सिम्बॉल कुठे बांधला जातोय ते छापायला लावलं, तेव्हा ती एक ओळ दिसली. दुरुस्ती काय, तर एक प्रिफिक्स आणि एक कंपायलर फ्लॅग.

सीमध्ये नेमस्पेस (नावांसाठी वेगळे कप्पे) नाही, सगळ्यांचं अंगण एकच. म्हणून एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीचं प्रत्येक फंक्शन ‘एसक्यूलाइट३_’ने सुरू होतं, आणि त्यातला तो तीन सुद्धा कामाचा आहे, जुनी दुसरी आवृत्ती आणि तिसरी एकाच प्रोग्रॅममध्ये सुखाने नांदू शकतात. उलट झेडलिब या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीची नावं ‘कॉम्प्रेस’, ‘इन्फ्लेट’ अशी उघडी आहेत, आणि मग ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी पुढे ‘झेड_’ लावून देणारा वेगळा मॅक्रो ठेवावा लागलाय. १९८९ च्या सी स्टँडर्डमध्ये बाहेर दिसणाऱ्या नावाची पहिली ६ अक्षरंच वेगळी धरली जातील एवढीच हमी होती, १९९९ मध्ये ती ३१ झाली, त्यामुळे जुन्या लोकांनी तोकडी नावं ठेवली ते समजू शकतं, आज तसं करायची काहीच गरज नाही. रस्टमध्ये २०२४ च्या एडिशनपासून ‘नो_मँगल’ला (नाव न बदलता तसंच एक्सपोर्ट करायची खूण) अनसेफमध्ये गुंडाळून लिहावं लागतं, आणि त्याचं कारण अगदी हेच, दोन सारखी नावं भिडली तर काय होईल याची खात्री कंपायलर देऊ शकत नाही. टाइपच्या नावांनाही प्रिफिक्स हवाच, ‘एरर’ किंवा ‘रिझल्ट’ असं उघडं नाव स्विफ्टमध्ये नेलं की तिथे त्याच नावाचे टाइप आधीपासून बसलेले असतात.

अंडरस्कोरबद्दल एक सांगतो, कारण जावाच्या पुलावर यात हमखास वेळ जातो. जेएनआयमध्ये, म्हणजे जावा आणि कॉटलिनमधून सीसारख्या भाषेतला कोड कॉल करायच्या सोयीत, नेटिव्ह (त्या दुसऱ्या भाषेतल्या) फंक्शनचं नाव जावा, पॅकेज, क्लास आणि मेथड हे सगळं अंडरस्कोरने जोडून बनतं, त्यामुळे मूळ नावातच अंडरस्कोर असेल तर तो ‘_१’ असा लिहावा लागतो. ‘गेट_नेम’चं ‘गेट_१नेम’ होतं. हे विसरलं तर बिल्ड हिरवा आणि चालवल्यावर पहिल्या कॉललाच एरर. आम्ही कॉटलिनच्या बाजूला नेटिव्ह मेथडच्या नावात अंडरस्कोर ठेवतच नाही, विषय संपला.

पण मग प्रत्येक भाषेत वेगळी नावं ठेवायची का? माझं मत असं की वेष बदला, शब्द बदलू नका. सीमध्ये स्नेक केस (शब्दांमध्ये अंडरस्कोर), स्विफ्ट आणि कॉटलिनमध्ये कॅमल केस (पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल), ते त्या त्या भाषेच्या रीतीप्रमाणे होऊ दे, पण सीमध्ये ‘ओपन’ आणि पायथनमध्ये ‘लोड’ असं केलं की बग रिपोर्टमधला शब्द घेऊन मूळ कोडमध्ये शोधणारा माणूस हरवतो. ओव्हरलोडिंगचंही (एकाच नावाची अनेक फंक्शनं) तसंच, सीमध्ये एका नावाची दोन फंक्शनं चालत नाहीत म्हणून ‘ओपन’ आणि ‘ओपन२’ करण्यापेक्षा ‘ओपन_फाइल’ आणि ‘ओपन_बाइट्स’ करावं, ‘२’ वाचून कोणाला काय कळणार.

तर त्या पाऊण तासात ठरलं ते असं की ‘ट्रॅक_कॉपी_टायटल’ हे नवीन नाव, आणि त्याला जोडीला ‘स्ट्रिंग_फ्री’. जुनं ‘गेट’वालं लगेच काढता येत नाही, बाहेर लोकांचे कंपाइल झालेले प्रोग्रॅम ते नाव धरून बसलेत. एसक्यूलाइटमध्ये ‘प्रिपेअर_व्ही२’ येऊन कित्येक वर्षं झाली तरी जुनं ‘प्रिपेअर’ अजून जागेवर आहे. आमचंही राहील, हेडरमध्ये डेप्रिकेटेड (आता वापरू नका) असा शिक्का मारून. पायथनच्या रॅपरमध्ये मी काल ‘सी_कॅर_पी’ काढून व्हॉइड पॉइंटर (नुसता पत्ता) लावला आणि कॉपी झाल्यावर लगेच फ्री, मग तोच मोठा फोल्डर पुन्हा स्कॅनला लावला. मेमरीची रेघ शेवटपर्यंत सपाट राहिली. आता उरलेल्या यादीत अजून अकरा ‘गेट’ आहेत, ते एकेक उघडून बघतोय की आतून खरोखर काय देतात.