वीस वर्षांनी पुन्हा सायकल

पुण्यात वाढले, म्हणजे सायकल पायातच होती. मग स्कूटी आली आणि सायकल सुटली ती सुटलीच. आज नवीन घेतली!

पहिल्या दुकानात पुढे जाडजूड शॉकअपवाली, 21 गिअरची सायकल गळ्यात मारत होते. उचलून बघितली, केवढी जड! आजच्या दुकानातले काका आधी किमतीचं बोललेच नाहीत. "ताई, दांडा दोन पायांमध्ये घेऊन उभ्या राहा," म्हणाले. पाय जमिनीवर पूर्ण टेकून वर थोडी जागा उरली, तर फ्रेम आपल्या मापाची. मग सीट. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. शाळेत कायम सीट खाली ठेवून चालवायचे, गुडघे भरून यायचे. कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी साधी हायब्रिड घेतली, म्हणजे रोड बाइक आणि डोंगरी सायकल यांच्या मधली. शॉकअप नाही, मागे 7 गिअर. वाचलेल्या पैशांत हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, हातपंप आणि एक जादा ट्यूब. नवीन घेणाऱ्यांनो, जर्सी नंतर घ्या, पण हेल्मेट आणि मागचा लाल दिवा त्याच दिवशी घ्या. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, मागे सरकलेलं कपाळ वाचवत नाही.

संध्याकाळी पाषाण तलावापर्यंत जाऊन आले. चढ लागला, गिअर हलका केला, साखळी 'खट्' करून मागच्या मोठ्या चकतीवर चढली आणि पाय एकदम मोकळे झाले. किती वर्षांनी कानात असा वारा!

उद्या सकाळी सहाला परत निघतेय. कुणी येतंय का सोबत?