साडेसात एचपीची जळालेली मोटर भरताना

विहिरीवरची मोटर जळली की ती खोलून थेट भरायला, म्हणजे नवं वायंडिंग करायला, टाकतात. का जळली हे कुणी बघत नाही, मग पुढच्या हंगामात तीच मोटर पुन्हा दुकानात. त्यामुळे साडेसात एचपी, ४१५ व्होल्ट, २ पोलची ही मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र) उघडल्यावर छिन्नी उचलायच्या आधी मी स्टेटरच्या (मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या) दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या कॉइल उजेडात धरून पाहिल्या.

सगळ्या कॉइल सारख्याच करपल्या असतील तर ओव्हरलोड, जाम बेअरिंग किंवा कमी व्होल्टेज. स्लॉटच्या (कॉइल बसते त्या खाचेच्या) तोंडाशी एकाच जागी तार वितळून गोळी झाली असेल तर पाणी शिरलं किंवा इन्सुलेशनचा कागद फाटला. इथे एका फेजच्या कॉइल कोळसा झाल्या होत्या आणि बाकी दोन फेजची व्हार्निश अजून पिवळी होती. डेल्टा जोडणीत (तिन्ही फेज त्रिकोणात जोडलेले) असं दिसलं की समजायचं, चालू मोटरचा एक फेज गेला. (स्टारमध्ये, म्हणजे तिन्हींचं एक टोक एकत्र असेल तर, उलटं: दोन फेज काळे, एक स्वच्छ.)

तीन फेज मिळून स्टेटरमध्ये फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करतात. २ पोलला ते मिनिटाला ३००० फेरे घेतं, रोटर (आत फिरणारा भाग) त्याच्यामागे २८८० च्या आसपास पळतो, आणि या फरकामुळेच रोटरच्या सळ्यांत करंट निर्माण होतो. एक फेज गेला तरी पळती मोटर लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन तारांवर जी कॉइल थेट बसते तिच्यातून बाकी दोघींच्या जवळजवळ दुप्पट करंट जातो. डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज उडाला तरी स्टार्टर पडत नाही, कारण स्टार्टरची स्वतःची कॉइल दोनच फेजवर असते आणि नेमके तेच दोन शाबूत राहिले तर ती धरूनच बसते. त्यात ऑटो स्विच असला तर आणखी वाईट. लाइट आली की बंद मोटर दोन फेजवर सुरू व्हायला बघते, जागीच नुसती घूं घूं करते आणि काही मिनिटांत खलास होते.

जुनं वायंडिंग तोडण्याआधी कागदावर उतरवायचं ते इतकं: स्लॉट २४, कॉइल १२, पिच (कॉइलची एक बाजू पहिल्या स्लॉटमध्ये असेल तर दुसरी कितव्यात) १-१० आणि १-१२, कॉइलचे टर्न (वेढे), तारेचा गेज (जाडी; आकडा मोठा तितकी तार बारीक), सहा टोकं कुठून निघतात. टर्न एका कॉइलवर विसंबून लिहायचे नाहीत. तीन कॉइल मोजायच्या, कारण आधीच्या कारागिरानेच चूक केलेली असू शकते. गेज मोजताना इनॅमल खरवडून मगच मायक्रोमीटर लावायचा. कॉइल सोडवायला स्टेटर जाळात टाकू नये. पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं आणि मग नवं वायंडिंग कितीही चांगलं भरा, मोटर रिकामी फिरतानाही तापते. एका बाजूची डोकी छिन्नीने कापून दुसऱ्या बाजूने ओढली की काम होतं.

तार १८ गेज निघाली. बाजारात ती नसेल तर बरेच जण दोन २२ गेज एकत्र ओढतात, आणि तिथेच मोटर कमजोर होते. १८ गेजचं क्षेत्रफळ १.१६७ चौरस मिमी, दोन २२ चं मिळून ०.७९४, म्हणजे एक तृतीयांश तांबं कमी. एक २० आणि एक २१ घेतली तर १.१७५ होतं आणि स्लॉटमध्ये बसतंही.

फेजच्या सुरुवाती एकमेकींपासून ८ स्लॉटवर. प्रत्येक फेजमधले दोन गट जोडताना शेवटाला शेवट. शेवटाला सुरुवात जोडली तर पोल बनतच नाहीत. व्हार्निशच्या आधी रोटर बाहेर असतानाच अगदी कमी व्होल्टेजचे तीन फेज काही सेकंद द्यायचे आणि आत बेअरिंगचा छर्रा सोडायचा. जोडणी बरोबर असेल तर छर्रा कडेने गोल पळतो. जागीच थरथरला तर एखादा गट उलटा आहे. ही चाचणी कंटाळून सोडली की पुढे सगळं खोलावं लागतं.

व्हार्निश ओतण्याआधी स्टेटर १०० अंशांच्या आसपास तापवून ओल काढली, नंतर निथळून पुन्हा भाजला. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) १ मेगओहम ही अगदी तळाची मर्यादा. ताजं वायंडिंग तेवढंच दाखवत असेल तर ते अजून ओलं आहे.

विहिरीवर जोडल्यावर पाणी कमी आलं तर आधी दिशा बघायची. उलटी फिरणारी मोनोब्लॉकही थोडं पाणी देते, त्यामुळे फसगत होते. दोन तारा बदलल्या की झालं. मग टाँग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजायचा मीटर): पूर्ण भारावर ११ अँपिअरच्या आसपास, तिन्ही तारांत जवळपास सारखा. फरक दिसला तर सप्लाय बंद करून तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवायच्या. दिशा तीच राहते. जास्त करंट त्याच लाइनवर राहिला तर दोष सप्लायचा, मोटरच्या टोकाबरोबर सरकला तर वायंडिंगचा.

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर स्टारमध्ये सुरू करून डेल्टावर नेणारा) ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा) बहुधा फेजच्या करंटवर असतो, त्यामुळे तो ११ वर नाही, ११ गुणिले ०.५८, म्हणजे ६.४ वर लावायचा. या मोटरचा रिले ११ वरच होता. तो खाली आणला आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) बसवला.